नऊ पावलांवरचा बोर्ड

आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर नव्या विद्यार्थ्यांसाठी एक पान आहे: अवकाश भौतिकीत संशोधनाला येताना काय अपेक्षा ठेवावी. ते लिहिण्याचे काम मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले. पीएच.डी.ला येण्यापूर्वी मी दोन वर्षे बुलढाण्यात एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते आणि विभागात सगळ्यांना ते ठाऊक होते. मी अकरा परिच्छेद लिहून दिले. सहा छापले गेले. त्यांत अभ्यासक्रम आहे, संगणक कक्ष आहे, परदेशातल्या परिषदा आणि वसतिगृहाचे फोटो आहेत. उरलेले पाच परिच्छेद सातपुड्याच्या पायथ्याशी बांधलेल्या एका खोलीबद्दल होते. ‘विद्यार्थी निरुत्साही होतील’ असा शेरा घेऊन ते परत आले.

त्या खोलीची हकिगत इथे देत आहे. ज्यांना या विषयात यायचे आहे त्यांनी छापलेल्या सहा परिच्छेदांबरोबर हीही वाचावी.

अवकाश भौतिकी म्हटले की लोकांना रॉकेट दिसते. माझ्या निवडीचे पत्र आले तेव्हा खामगावात आत्याने विचारले, “मंग तू वर कधी जाऊन राह्यली वं?”

वर जायचे नसते, असे मी तिला सांगितले. सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत सतत निघत असतो. तो पृथ्वीजवळ आला की पृथ्वीचे चुंबकत्व किंचित हलते. ते हलणे जमिनीवर बसून मोजायचे.

आत्या भाजी निवडत होती. “अन् मोजून सांगशीन कोनाले?”

तेव्हा मी हसले होते.

मोजण्यासाठी जागा लागते, आणि जागा मिळणे हे या कामातले पहिले संकट. लोखंड, विजेच्या तारा, रेल्वे, मोटारी, विहिरीवरचे पंप, हे सगळे चुंबकत्वात ढवळाढवळ करते. खामगावचा परिसर रेल्वेमुळे बाद झाला. बुलढाण्याच्या आसपास दोन जागा पाहिल्या. दोन्हींवरून उच्च दाबाच्या तारा जात होत्या. शेवटी संग्रामपूर तालुक्यात, डोंगराच्या अंगाला, एका संत्र्याच्या बागेचा कोपरा मिळाला. बागेच्या मालकांना मी काका म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकू. बागेतच त्यांचे घर. काकांनी जागा वापरायला दिली, काकूंनी देखरेख पत्करली.

खोली दहा बाय दहाची. तिच्यात लोखंडाचा कणही चालणार नव्हता. विटा आणि चुना, सागवानी चौकट, पितळी बिजागऱ्या, पितळी स्क्रू. गवंडी खामगावचा होता. पहिल्या दिवशी त्याने सगळे ऐकून घेतले आणि काकांकडे पाहून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, “सळई नाई, खिळा नाई, तार नाई. स्लॅप कायच्या भरोशावर उभा राहीन भाऊ? हिच्या?”

काकू चहा घेऊन आल्या होत्या. “आमच्या आजेसासऱ्याच्या घराले कुठी सळई होती बे? त्यानं काय झाडाखाली संसार केला?” त्यांनी सुनावले.

स्लॅब झाला नाही. छताला लाकडी वासे आणि मातीचे कवेलू आले. खोली तीन आठवड्यांत उभी राहिली आणि मकरसंक्रांतीनंतर चार दिवसांनी उपकरण सुरू झाले. आत जाताना चावी, मोबाईल, घड्याळ, पट्टा बाहेर ठेवायचा. काकू पदराची सेफ्टी पिन आणि केसांतल्या चार पिना काढून तुळशीजवळच्या पितळी ताटलीत ठेवत. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर मी रंगाने लिहिले: वीस पावलांच्या आत लोखंड आणू नये. आणल्यास तारीख आणि वेळ लिहावी.

काकू सातवी शिकलेल्या. त्यांना मी एक शंभर पानी वही दिली आणि जिल्हा आवृत्तीत नव्या बातमीदाराला सांगतात तेच सांगितले: काय, कधी, कुठे, किती अंतरावर. का ते लिहू नका. ते आपण नंतर पाहू. त्यांनी ते शब्दशः पाळले. दर महिन्याला वहीच्या पानांचे फोटो मला मोबाईलवर येत. ‘फेब्रुवारी ९, सकाळी ७, बैलगाडी ३० पावलांवरून गेली.’ ‘फेब्रुवारी १६, दुपारी २, पाहुन्याची मोटरसायकल, १५ पावलं, पाच मिनिटांत हाकलली.’ नोंदींत एकही विशेषण नव्हते. उपसंपादक असताना इतकी स्वच्छ प्रत माझ्या टेबलावर क्वचित आली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राचे उद्घाटन झाले. संचालकांनी ते, संस्था आहे त्या शहरातल्या सभागृहातून, पडद्यावरचे बटण दाबून केले. त्याच्या चार दिवस आधी संस्थेच्या बांधकाम विभागाची गाडी गावात गेली होती. त्या दुपारी काकूंचा फोन आला.

“माय, तुमचे चार मानसं आले हायेत. बोर्ड गाडून राह्यले. दोन लोखंडी खांब हायेत. चालते का आता लोखंड?”

माझी त्या दिवशी अभ्यासक्रमाची परीक्षा होती. बोर्ड रस्त्याच्या कडेला लागत असेल असे मी धरून चालले. “संस्थेचीच माणसं आहेत काकू. त्यांना माहीत असेल,” मी म्हणाले.

“हाव का? बरं मंग.”

किती अंतरावर, हे मी विचारले नाही. दोन वर्षे मी इतरांना तेच विचारण्याचा पगार घेतला होता.

उपकरणाची नोंद इंटरनेटवरून शहरात येई आणि पडद्यावर रेघेसारखी दिसे. उद्घाटनानंतरच्या आठवड्यापासून तिच्यात दुपारच्या वेळी बारीक लहरी दिसू लागल्या. पृथ्वीच्या चुंबकत्वाची ताकद नॅनोटेस्ला या एककात मोजतात. आमच्या जागी ती चाळीस हजारांच्या वर आहे. या लहरी अर्ध्या नॅनोटेस्लाहून लहान होत्या. अकरा-साडेअकराला सुरू होत, चार-पाचला थांबत. काही दिवस येत, काही दिवस येत नसत. सूर्यवाऱ्यामुळे, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या त्या कणांच्या झोतामुळे, अशा लहरी उठतात हे पुस्तकात आहे, पण त्यांचा हा आकार पुस्तकात नव्हता. माझे मार्गदर्शक, ज्यांना मी सर म्हणते, मी या लहरी दाखवल्या त्या दिवशी जेवायला गेले नाहीत. त्यांनी तीस वर्षे या विषयात घालवली आहेत आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. जूनपर्यंतच्या नोंदीवर त्यांनी लेखाचा मसुदा केला. माझ्या प्रबंधाचे तिसरे आणि सगळ्यांत मोठे प्रकरण त्यावरच उभे राहणार होते. पावसाळ्यात लहरी जवळजवळ थांबल्या. सरांनी त्याचीही एक उपपत्ती मांडली.

सप्टेंबरात सरांनी हे काम एका परिषदेत मांडले. दुसऱ्या संस्थेतल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला: तुमच्यापासून दोनशे किलोमीटरवरच्या केंद्रात हे का दिसत नाही? परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सरांनी मला सगळी नोंद तपासून स्थानिक गडबड शोधायला सांगितली.

ते काम चालू असतानाच ऑक्टोबर उजाडला, आणि ऑक्टोबरातच सर्वांत ठळक गडबड झाली. एका सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी रेघ एकदम वर गेली, तासाभराने खाली आली, पण पूर्वीच्या जागी आली नाही. अकरा नॅनोटेस्ला वरच राहिली. मी फोन केला. काकूंनी काहीही लपवले नाही.

“त्या दिवशी खंडेनवमी होती ना. कुऱ्हाड, विळे, डवऱ्याची पास, ट्रॅक्टरचे पाने, सगळं धुऊन पूजेले मांडलं. मंग हे म्हनले, मशीन बी त आपल्या वावरातलंच अवजार हाये, तिले एकटीले काऊन ठेवा? म्हनून खोलीच्या भिंतीपाशी मांडलं. घंटाभरात उचललं. वहीत लेहलं हाये.”

“पण काहीतरी अजून तिथेच आहे, काकू.”

“हाव. दारावर घोड्याची नाल टांगली. इतकं महागाचं मशीन, येनारा-जानारा पाह्यते. नजर लागते.”

वही पाहिली. ‘खंडेनवमी. सकाळी ९-२० ते १०-२५ अवजारं, दोन पावलं. नाल दारावर, १०-३०, राहील.’ त्या वेळा उपकरणाच्या रेघेशी ताडून पाहिल्या. मिनिटाचा फरक नव्हता. ज्या गडबडीची वेळ आणि वस्तू माहीत आहे ती वजा करता येते. अकरा वजा केले की नोंद पूर्ववत होते. मी हे सरांना सांगितले.

“सापडलं म्हणजे,” सर म्हणाले.

“ऑक्टोबरचं सापडलं. मार्च ते जूनच्या लहरी वेगळ्या आहेत, सर. तेव्हा नाल नव्हती.”

“गावात काय एकच सण असतो का? असं काहीतरी रोजच चालत असणार.”

तीन दिवसांनी त्यांनी अहवालाचा मसुदा पाठवला. त्यात एक वाक्य होते: परिसरातील अशिक्षित रहिवाशांनी धार्मिक विधींसाठी लोखंडी वस्तू उपकरणाजवळ आणल्यामुळे वर्षभराची नोंद दूषित झाली आहे, ती रद्द समजावी व केंद्र बंद करावे. खाली दोन सह्यांसाठी जागा होती. एक सरांची, एक माझी.

यात काय पणाला लागले होते ते सरळ सांगते. वर्षाची नोंद रद्द झाली की माझे तिसरे प्रकरण जाणार आणि प्रबंध दोन वर्षे मागे पडणार. सही केली तर सर नवीन विषय देणार होते, तसे त्यांनी सांगितलेही. आणि ज्या एकमेव व्यक्तीने त्या केंद्रावर नेमून दिलेले काम चोख केले होते, तिच्या नावावर केंद्र बुडवल्याची नोंद होणार होती. नाव अर्थातच लिहिलेले नव्हते. ‘रहिवासी’ असे लिहिले होते.

मी सही केली नाही. चार दिवसांची मुदत मागितली आणि खामगावला आले. नोव्हेंबर सुरू होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने संग्रामपूर, तिथून ऑटोने बाग. उपकरण सुरू झाल्यापासून मी फक्त एकदा, ऐन पावसात, उपकरण तपासायला येऊन गेले होते. तेव्हा छत्री डोक्यावर घेऊन पळत खोलीत गेले आणि पळत परतले. या वेळी ऊन होते. फाटकातून आत येताच बोर्ड दिसला. तो रस्त्याच्या कडेला नव्हता. खोलीसमोर होता. जाड लोखंडी अँगलचे दोन खांब, त्यावर पत्र्याची भलीमोठी पाटी. पाटीवर केंद्राचे नाव लहान अक्षरांत आणि संचालकांचे मोठ्या. मी खोलीपासून पावले मोजली. नऊ.

हा बोर्ड मी आधी पाहिला होता. आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्याचा पानभर रंगीत फोटो आहे. मागे खोलीची भिंत आहे आणि भिंतीवर माझ्या हाताने लिहिलेली वीस पावलांची सूचना अर्धी दिसते आहे.

काकू म्हणाल्या, “मले वाटलं, नियम बदलला असीन. तुम्ही फोनवर म्हनलं ना, त्याइले माहीत हाये म्हून.”

मी वही मागितली. बोर्डाची नोंद होती: तारीख, दुपारी १-१०, चार माणसे, दोन लोखंडी खांब, नऊ पावले. फोटो मलाही आला होता. परीक्षेच्या धांदलीत ते पान मी उघडले नव्हते. त्यानंतर मार्चपासून जूनपर्यंत अधूनमधून एकच वाक्य येत होते: ‘वारा सुटला. बोर्ड खडखड वाजते.’ ते मी वाचले होते आणि गावाकडची बडबड म्हणून सोडून दिले होते. पावसाळ्यात ते वाक्यही जवळजवळ थांबले होते. ओसरीवर बसून लहरींची यादी काढली आणि एकेक तारीख वहीशी लावली. एकोणसाठ दिवस लहरी होत्या. छप्पन्न दिवसांपुढे बोर्ड वाजल्याची नोंद होती. उरलेल्या तीन दिवशी काकू भावाकडे जळगाव जामोदला गेल्या होत्या, हेही वहीत होते.

त्या दिवशी वारा नव्हता. म्हणून काकांना विनंती केली की बोर्ड हाताने हलवावा: दहा मिनिटे हलवायचा, दहा मिनिटे सोडायचा, तीन वेळा. काकांनी पाटी दोन्ही हातांनी धरली आणि विचारले, “साहेबाच्या नावाले हात लावला त धरून त नाई नेत?”

“हलवा तुम्ही,” काकू म्हणाल्या. “वाऱ्यानं चार महिने हलवला, त्याले कोनी धरलं?”

मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले. काका हलवत तेव्हा रेघ थरथरे, थांबत तेव्हा ती स्थिर होई. सूर्यवाऱ्याचा नवा प्रकार काका ठरल्या वेळी सुरू आणि बंद करत होते. नंतर काकूंनी नाल काढून गोठ्यात नेली. रेघ अकरा नॅनोटेस्ला खाली आली. त्यांनी ती वेळ लिहिली.

“मंग तुमच्या मशीनले लोखंडाचीच नजर लागते म्हना,” त्या म्हणाल्या. “आधी सांगतलं असतं त लिंबू टांगलं असतं.”

जेवताना मी त्यांना अहवालातले वाक्य सांगितले. सांगावे की नाही याचा विचार मी एसटीत बसून केला होता. पण त्यांच्याबद्दल लिहिलेले त्यांनाच न सांगणे मला जमले नाही. काकांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. काकूंनी सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, “अशिक्षित म्हनले त म्हनू दे. पन तारीख त मी लेहली होती ना?”

निघण्यापूर्वी काकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पाटी आणि खांबांच्या मध्ये घट्ट बसवले. तेव्हापासून बोर्ड वाजत नाही. न हलणारे लोखंड एकदा मोजले की कायमचे वजा करता येते. बोर्ड उपटून दूर लावणे आणखी सोपे होते. पण तो संस्थेच्या मालमत्तेत नोंदलेला असल्यामुळे त्याला हात लावण्यासाठी मंजुरी लागते.

शहरात परतल्यावर सरांनी सगळे आकडे पाहिले. तारखांची यादी त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, “हे बरोबर आहे. पण बोर्डाचं नाव घेऊ नकोस. ‘स्थानिक कारणं’ म्हण. त्यात सगळं येतं.”

“त्यात काकू पण येतात, सर.”

“तुला पदवी हवी आहे की न्याय?”

एकाच तक्त्यात दोन्ही बसतात, असे मी म्हणाले. उत्तर उद्धट होते. मला त्याबद्दल वाईट वाटत नाही.

डिसेंबरात पाच सदस्यांच्या समितीपुढे माझा वार्षिक आढावा झाला. मी पहिल्या स्लाइडवर वार्षिक अहवालातला फोटो ठेवला, दुसऱ्यावर वहीचे पान, तिसऱ्यावर काकांच्या दहा-दहा मिनिटांच्या रेघा. वहीतली नोंद जशी होती तशी वाचली: ‘वारा सुटला. बोर्ड खडखड वाजते.’ दोघे हसले. ते कशाला हसले हे मला कळले. वऱ्हाडी बोली ऐकली की शहरात असेच हसतात. फोटोला कोणी हसले नाही. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी पहिला प्रश्न विचारला: “केंद्राची नोंदवही मराठीत का आहे? इंग्रजीत असायला हवी होती. मग हे वेळेत लक्षात आलं असतं.”

समितीच्या त्या खोलीत बसलेल्या पाचही जणांना मराठी वाचता येत होते. मलाही येत होते.

निर्णय असा झाला: वर्षाची नोंद दुरुस्त करून ग्राह्य धरावी. केंद्र चालू ठेवावे. अहवालातला ‘अशिक्षित’ हा शब्द काढावा. ‘रहिवाशांनी’च्या जागी ‘स्थानिक कारणांमुळे’ असे लिहावे. बोर्ड हलवण्याचा प्रस्ताव स्वतंत्रपणे सादर करावा. सरांनी लहरींवरचा लेख मागे घेतला, आणि हे त्यांनी कुणी न सांगता केले, हेही नोंदवले पाहिजे. माझे तिसरे प्रकरण आता त्या लहरींवर नाही. दुरुस्त केलेल्या नोंदीतल्या खऱ्या चुंबकीय वादळांवर आहे. त्याच्या परिशिष्टात एक तक्ता आहे. त्यात नाल आहे, दोन पावले. बोर्ड आहे, नऊ पावले. शेवटच्या रकान्यात वस्तू कुणी ठेवली ते आहे. समितीने तो रकाना वगळण्याची सूचना केली होती. मी तो ठेवला आणि प्रबंध तसाच बांधायला दिला.

बोर्डाचा प्रस्ताव पाठवून आठ महिने झाले. बांधकाम विभागाने दोनदा विचारले आहे की बोर्डाऐवजी उपकरण हलवता येईल का.

डिसेंबरातला निर्णय मी काकूंना फोनवर सांगितला होता. त्यांनी विचारले, “म्हंजे बोर्ड राह्यते?” सध्या तरी राहतो, मी म्हणाले. वीस पावलांच्या आत लोखंड असेल तर लिहायचे, हा नियम मीच भिंतीवर रंगवलेला आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो बोर्डालाही लावला. गेल्या महिन्याची पाने कालच आली. मी आता प्रत्येक पान उघडते. शेवटची नोंद: ‘सकाळी ८. ऊन. वारा नाही. बैलगाडी नाही. बोर्ड आहे, ९ पावलं.’